बेचाळिसावं नाव

धाकटीने स्मारकाच्या दगडावरचं गोणपाट उचललं ते फक्त त्याच्यावर रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. नवऱ्याने चार दिवसांपूर्वीच बजावलं होतं, खालची पट्टी नक्षीसाठी ठेवली आहे, तिकडे हात लावू नकोस. पण नवऱ्याचं प्रत्येक बजावणं ती ऐकत बसली असती तर एकतीस वर्षांत हा कारखाना केव्हाच बंद पडला असता. तिने गोणपाट उचललं, वाकली, चष्मा नाकावर वर सरकवला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

नक्षी कसली डोंबलाची! तिथे नाव होतं. थोरल्या भाऊजींचं. वडिलांच्या नावासकट पूर्ण, वरच्या एकेचाळीस नावांच्याच मापाचं, तितकंच खोल, त्याच वळणाचं. फक्त अजून त्यात काळा रंग भरायचा होता.

“अहो, इकडे या.”

नवरा दारापाशी बसून छिन्नीला धार लावत होता. गावात त्याला मुकाशेठ म्हणतात ते काही उगाच नाही. तो आला, उघड्या पट्टीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि परत जायला वळला.

“थांबा! हे काय करून ठेवलंत?”

“नाव.”

“ते मलाही वाचता येतं. कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

“यादी एकेचाळीस जणांची आहे. नगरपालिकेचा शिक्का आहे तिच्यावर. तासा-दोन तासांत ती सगळी घरं इथे येतील आपापल्या नावाला हात लावायला. आणि ज्याच्यामुळे आपली माणसं मेली असं ती म्हणतात, त्याचंच नाव तुम्ही त्यांच्या पायाशी कोरलंत? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“पायाशी नाही. रांगेत आहे,” मुकाशेठ म्हणाला.

धाकटी स्टुलावर बसली. बावीस वर्षांपूर्वी रात्रीची गाडी पुलावरून खाली गेली. तीनशेच्या वर माणसं. देशभर तीन दिवस झेंडे अर्ध्यावर होते, शाळा बंद, सिनेमे बंद. या एवढ्याशा गावातली एकेचाळीस माणसं त्या गाडीत होती, आणि गाडी चालवणाराही याच गावचा, याच घरचा. तोही गेला. पण त्याच्यासाठी कोणी झेंडा उतरवला नाही. चौकशी आयोगाने सांगितलं, लाल दिवा असताना गाडी पुढे नेली, अक्षम्य निष्काळजीपणा. अपघातानंतरच्या दिवसांत घरावर इतके दगड आले की पुढे वर्षभर कारखान्यातला भराव तेवढ्यातच झाला, असं ती एकदा चेष्टेत म्हणाली होती. कोणी हसलं नव्हतं.

आता इतक्या वर्षांनी स्टेशनच्या चौकात स्मारक उभं राहणार होतं, आणि दगड कोरायला साऱ्या तालुक्यात मुकाशेठसारखा हात दुसऱ्याचा नव्हता. नगरपालिकेने काम दिलं तेव्हाच अर्धं गाव कुरकुरलं होतं. अर्धं म्हणालं, करू दे, तेवढंच पाप फिटेल.

“हे बघा,” धाकटीने आवाज खाली आणला, कारण भिंतीला कान असतात आणि या गावात तर जरा जास्तच. “अजून वेळ आहे. दगडाची भुकटी आणि डिंक कालवून मी अक्षरं बुजवते. वरून घासलं की डोळ्यात तेल घालून पाहिलं तरी कळणार नाही. मी केलंय हे काम.”

“नको.”

“नको काय? फाडून खातील आपल्याला. भाऊजींच्या बाळ्याचं दुकान आहे भर चौकात. दहा वर्षं लागली त्याला, लोकांनी त्याच्याकडून साधी तापाची गोळी घ्यायला.”

मुकाशेठने हातातली छिन्नी खाली ठेवली. “मी लपवून नेणार नाहीये. एकेचाळीस हात लागले की सगळ्यांसमोर गोणपाट काढणार. मग ज्याला जे करायचं ते करू दे.” एवढं लांब वाक्य तो वर्षातून एकदा बोलत असेल. मग तो म्हणाला, “का कोरलं ते तुला माहीत आहे.”

माहीत होतं. या जगात फक्त त्या दोघांना माहीत होतं.

त्या दिवशी थोरले भाऊजी रात्रपाळी करून सकाळी घरी आले होते. जाऊबाई शाळकरी बाळ्याला घेऊन माहेरी गेलेल्या. भाऊजींना परत रात्रीच गाडीवर जायचं होतं, म्हणजे दिवसभर झोप काढायची. आणि नेमका त्याच सकाळी कारखान्यात बँकेच्या पायऱ्यांचा मोठा दगड पालथा करायचा होता. मुकाशेठचा मदतनीस आला नव्हता. असा दगड उलटवायला दोन पहारी लागतात आणि एकमेकांचा श्वास ओळखणारी दोन माणसं लागतात. भलत्या माणसाबरोबर केलं तर बोटं जातात. दोन्ही भाऊ लहानपणापासून ते काम करत आलेले. धाकटीनेच जाऊन भाऊजींचं दार वाजवलं. पाठ टेकून अर्धा तासही झाला नसेल. “भाऊजी, जरा या ना, तासाभराचं काम आहे.” ते डोळे चोळत, हसत उठून आले. तासाभराचं काम संध्याकाळी साडेपाचला संपलं, कारण दगड घसरला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं. सातला ते ड्यूटीवर गेले. जाताना म्हणाले, गाडीत जागं राहायला चहा दे कडक.

आणि आठवड्याने आयोगाचे साहेब वही उघडून समोर बसले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ड्यूटीआधी विश्रांती झाली होती का? घरात त्या दिवशी धाकटीच होती, म्हणून तिला विचारलं. तिला वाटलं, खरं सांगितलं तर नवऱ्याला धरून नेतील. बाहेर दगड पडतच होते. ती म्हणाली, झाली होती. सकाळी आठ ते दुपारी चार. मीच उठवलं. तेच अहवालात छापलं गेलं. विश्रांती पूर्ण झालेली असल्याने थकव्याचं कारण ग्राह्य धरता येत नाही.

धाकटीची तेव्हापासून रोज पाचावर धारण बसलेली. पोस्टमन आला तरी छातीत धस्स व्हायचं.

“कोरा की मग नाव,” ती नवऱ्याला म्हणाली. “कोरा! पण त्याने काय भरून येणार आहे?”

मुकाशेठने छिन्नी उचलली आणि तो परत दारापाशी धार लावायला बसला.

* * *

बाळ्या आला तो जेवणाचा डबा घेऊन, आणि त्याच्या मागून जाऊबाई, हळूहळू, भिंतीला हात लावत. बाळ्या तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, औषधांच्या दुकानाचा वास अंगाला कायमचा. धाकटीने त्याला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. सगळं म्हणजे नाव कोरल्याचं. दुसरं नाही.

“काका!” बाळ्याचा आवाज फाटला. “काका, मला एका शब्दाने विचारायचं तरी. बाप माझा होता.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

“उद्या माझ्या दुकानाच्या काचा राहतील का? माझी पोरगी त्याच शाळेत जाते. मी लहान असताना माझ्या डब्यात माती टाकायचे हो लोक! तिच्या डब्यात टाकायला लागले तर कोणाला सांगू मी? काकू, सांगा ना यांना.”

“सांगून थकले,” धाकटी म्हणाली. तिला बरं वाटलं. दोघं एका बाजूला झाली की मुकाशेठ एकटा पडेल, आणि जाऊबाई काय, त्या मुलाचंच ऐकतील. “तुझ्या आईला विचार. त्यांचा हक्क पहिला.”

जाऊबाई दगडापाशी गेल्या. सत्तरीला आलेली बाई, पण कणा अजून ताठ. त्यांनी पट्टीकडे बराच वेळ पाहिलं. धाकटीला वाटलं, आता रडणार. तिने पदर सावरून ठेवला होता डोळे पुसायला.

“काढून टाका,” जाऊबाई म्हणाल्या.

मुकाशेठने मान वर केली. “वहिनी?”

“काढा म्हणते. मला नको आहे ते इथे.”

आवाजात रडणं नव्हतं. थंड, कोरडा आवाज, भाजीवाल्याला ‘आज नको’ सांगावं तसा. धाकटीला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही, आणि का ते तिला कळेना. नवऱ्याच्या नावावर पाणी सोडणारी ही बाई तिने कधी पाहिलीच नव्हती. गावासमोर त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, ना नवऱ्याच्या बाजूने, ना विरुद्ध. सगळे समजत होते, सोसतेय बिचारी.

“झालं,” बाळ्या म्हणाला. “आईनेच सांगितलं. काकू, आणा ती भुकटी.”

“तो माझा भाऊ होता, वहिनी,” मुकाशेठ म्हणाला. “तो त्याच गाडीत होता. तोही त्याच पाण्यात गेला. मेलेल्यात त्याला मोजायचं नाही, तर मग कशात मोजायचं?”

जाऊबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या दिराने बावीस वर्षं त्यांच्या घरचं छप्पर, नळ, बाळ्याचं शिक्षण, सगळं पाहिलं होतं आणि कधी एक शब्द ऐकवला नव्हता. त्यांनी मोठा उसासा टाकला.

“तुम्हाला एवढं वाटतंय तर राहू द्या. पण मी हात लावणार नाही. ‘आमचं’ म्हणणार नाही. आणि हात नाही लागला तर दगड हलत नाही, ही तुमच्याच वडिलांची पद्धत.”

ती पद्धत खरीच होती. या कारखान्यातून नावाचा दगड बाहेर पडायच्या आधी प्रत्येक नावावर त्या घरच्या माणसाने बोट ठेवायचं आणि ‘आमचं’ म्हणायचं. सासरे सांगायचे, कागद चुकतो, डोळा चुकतो, पण आपल्या माणसाच्या नावावरून फिरणारं बोट चुकत नाही. ज्या नावाला बोट लागलं नाही ते नाव दगडावर ठेवायचं नाही, ते छाटून काढायचं.

“मग बाळ्या लावेल,” मुकाशेठ म्हणाला.

“मी?” बाळ्या दोन पावलं मागे सरला. “मी नाही. मेलो तरी नाही.”

बाहेर सायकल थांबल्याचा आवाज आला. नगरपालिकेचा कारकून यादी बगलेत मारून आत आला, आणि त्याच्या मागे रस्त्यावर माणसं दिसायला लागली. मुकाशेठने गोणपाट उचललं आणि पट्टीवर टाकलं. बुजवायची वेळ निघून गेली होती.

* * *

एकेक जण येत होता. कारकून नाव वाचायचा, घरचं माणूस पुढे यायचं, बोट ठेवायचं, ‘आमचं’ म्हणायचं, कारकून खूण करायचा. काहींना रडू फुटलं, काही नुसते उभे राहिले. बेकरीवाला बायकोच्या नावावर पूर्ण हात ठेवून उभा राहिला आणि त्याला हलवावं लागलं. हात लावून झालेलंही कोणी जाईना. सगळे अंगणात, दारात, दगडांच्या ढिगांवर टेकून थांबले.

धाकटीचं काम होतं अक्षरं पुसून द्यायचं. ती फडकं घेऊन उभी होती आणि मनात मोजत होती. अठ्ठावीस. एकोणतीस. तिचे तळहात इतके घामेजले होते की फडकं ओलं झालं. ती नवऱ्याकडे पाही, तो पाहत नसे. एकदा तिला वाटलं, सरळ भोवळ येऊन पडावं. सगळे धावतील, पाणी मारतील, दिवस निघून जाईल. पण भोवळ काय मागून येते थोडीच.

“चाळीस आणि एकेचाळीस,” कारकून म्हणाला. “दोन्ही एकाच घरची.”

गणिताच्या बाई पुढे आल्या. अंगणातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे आपोआप वाट झाली. सोळा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी, मामाकडे निघालेली. बाईंनी एका नावावर बोट ठेवलं. “आमचं.” मग दुसऱ्यावर. “आमची.” चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“एकेचाळीस. झालं,” कारकुनाने पेनाचं टोपण लावलं.

मुकाशेठ पुढे झाला आणि त्याने गोणपाट ओढलं.

आधी कोणाला कळलंच नाही. मग पुढच्या एकाने नाव वाचलं, मोठ्याने, आणि ते अंगणातून मागपर्यंत गेलं. कोणीतरी शिवी दिली. कारकून यादी उलटीपालटी करायला लागला, जणू ते नाव मागच्या बाजूला असेल.

“हे काय आहे?” बेकरीवाला पुढे घुसला. “माझ्या बायकोच्या खाली? हा? हातोडा कुठाय?” हातोडा तिथेच होता, कारखानाच तो. त्याने उचलला. “तुम्ही नाही काढत तर मी काढतो.”

“काका, बाजूला व्हा हो!” बाळ्या दारातून ओरडला. त्याने हात जोडले होते, कोणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मुकाशेठ बाजूला झाला नाही. तो नावासमोर उभा राहिला, हात खाली सोडून.

बेकरीवाल्याने हातोडा वर नेला आणि धाकटी किंचाळली. तेवढ्यात कोणीतरी त्या दोघांच्या मधून खाली वाकलं. जाऊबाई. कधी उठल्या, कशा आल्या, कोणी पाहिलं नाही; दिराच्या डोक्यावर हातोडा येतोय एवढंच त्यांनी पाहिलं असावं. त्यांनी नावावर बोट ठेवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं.

“आमचं,” त्या म्हणाल्या.

बोट काढलं नाही.

“हातोडा खाली,” गणिताच्या बाई म्हणाल्या, आणि बेकरीवाल्याने खाली घेतला. बाई जाऊबाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. दोघींच्या घरांत तीन गल्ल्यांचं अंतर. बावीस वर्षं दोघी समोर आल्या की एक रस्ता ओलांडायची.

“मी तो अहवाल सात वेळा वाचलाय,” बाई म्हणाल्या. “मला काहीतरी सापडायला हवं होतं. सिग्नल बिघडला असेल, ब्रेक गेला असेल, माणूस आजारी असेल. मला त्यांचा राग करायचा नव्हता, खरंच सांगते, राग फार जड जातो. माणूस थकलेला असता तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. थकलेल्या माणसाला काय म्हणणार? पण आठ तास झोप काढून, चहा पिऊन गेलेला माणूस. ताजातवाना. आणि समोरचा लाल दिवा बघत नाही? माझ्या पोरांच्या शेजारी ते नाव मी कसं ठेवू, तुम्हीच सांगा.”

“मी काय सांगू,” जाऊबाई म्हणाल्या. “मी नव्हतेच घरी. झोपूनच गेले होते ते. ही साक्षीला आहे, हिनेच उठवलं त्यांना.” आणि त्यांनी मान वळवून धाकटीकडे पाहिलं. “सांग गं.”

सगळं अंगण धाकटीकडे बघायला लागलं.

एक ‘हो’ म्हणायचं होतं. आयोगासमोर म्हटलंच होतं, शपथेवर. आता म्हटलं की बाई मान फिरवतील, हातोडा परत वर जाईल, नाव छाटलं जाईल आणि झाकली मूठ झाकलेलीच राहील. नवरा तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत ‘बोल’ही नव्हतं आणि ‘गप्प बस’ही नव्हतं, नुसती भीती होती, तिच्याइतकीच. कारकून सरकारी माणूस, हातात पेन. खोटी साक्ष. तुरुंग असतो का त्याला, या वयात?

“काकू,” बाळ्या म्हणाला, का कोण जाणे, कदाचित तिचा चेहरा पाहून. “काकू, काही बोलू नका.”

“झोपले नव्हते,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“भाऊजी झोपले नव्हते. मी दार वाजवून उठवून आणलं त्यांना. सकाळीच. इथे, या जागी, यांच्याबरोबर दगड उलटवत होते संध्याकाळपर्यंत. मला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. मग दगड घसरला. मग ते तसेच गेले. साहेबांना मी खोटं सांगितलं. मी घाबरले होते हो. मी फार घाबरले होते.”

कारकुनाने टोपण काढलं होतं, ते परत लावलं आणि पेन खिशात ठेवलं. बेकरीवाल्याने हातोडा दगडाच्या कडेला ठेवला, हळूच, आवाज होऊ न देता. मुकाशेठ जमिनीवर बसला होता आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. गणिताच्या बाईंनी धाकटीकडे पाहिलं नाही. त्या नावाकडे बघत होत्या.

“बावीस वर्षं,” बाई म्हणाल्या. “एवढं एक वाक्य सांगायला.” मग कारकुनाला म्हणाल्या, “यादीत बेचाळीस करा. कोणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठवा.” आणि त्या गर्दीतून वाट काढत निघून गेल्या, आणि त्यांच्या मागून एकेक माणूस निघायला लागलं.

धाकटी जाऊबाईंची वाट बघत उभी राहिली. आता त्या मारतील, थुंकतील, तोंड बघणार नाही म्हणतील. म्हणायलाच हवं. तिला तर वाटत होतं, लवकर म्हणाव्यात एकदाच्या.

जाऊबाई अजून तशाच वाकून होत्या, बोट नावावर. “त्यांना मी काय काय बोलले असेन, माहीत आहे तुला?” त्या म्हणाल्या. आवाज आता थंड नव्हता. “रोज. मनातल्या मनात, भांडी घासताना, अंथरूण घालताना. एवढा कसला बेफिकीर माणूस, पोटभर झोपून गेलास आणि तीनशे घरं बुडवलीस. फोटोसुद्धा उलटा करून ठेवलाय मी कपाटात. मला कधी त्यांच्यासाठी रडू आलं नाही गं. गाव त्यांच्यावर थुंकायचं आणि मला वाटायचं, बरोबरच आहे.”

धाकटीने त्यांच्या खांद्याला हात लावला. तो त्यांनी झटकला नाही, धरलाही नाही.

“त्यांची माफी मी आता कुठे जाऊन मागू,” जाऊबाई म्हणाल्या, “ते सांग मला.”